रिले रूमला दोन कुलपं असतात

प्रति,
मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार
मा. अध्यक्ष, रेल्वे बोर्ड, नवी दिल्ली
मा. महासंचालक, आरडीएसओ (रेल्वेची संशोधन आणि मानक संस्था), लखनौ



रिले रूमला दोन कुलपं असतात. आपल्यापैकी दोघांना हे सांगायला नको, तिसऱ्यांना कदाचित सांगावं लागेल. एका कुलपाची चावी ड्यूटीवरच्या स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नल मेंटेनरकडे. एकट्या मास्तरला आत जाता येत नाही आणि एकट्या मेंटेनरलाही नाही. उघडायचं तर दोघं लागतात. किती वाजता उघडलं, कशासाठी उघडलं, किती वाजता बंद केलं, हे सगळं रजिस्टरमध्ये लिहून सही करावी लागते. आत सोनंनाणं काही नसतं. रॅकवर ओळीने बसवलेले शेकडो रिले, मागे वेणीसारख्या बांधलेल्या तारा आणि सतत चाललेली टकटक. गाडी जवळ आली की टकटक वाढते, गाडी गेली की थंडावते. सांधा कुठल्या बाजूला लागलाय, कुठल्या लाइनीवर गाडी उभी आहे आणि म्हणून कुठला सिग्नल हिरवा करायला हरकत नाही, हे त्या खोलीत ठरतं. अलीकडे बऱ्याच स्टेशनांवर रिलेंच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगची कपाटं आली. टकटक गेली, कुलपं दोनच राहिली.

मी सिग्नल खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली आणि इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. आता कागदावर आमच्या हुद्द्याला सीनियर सेक्शन इंजिनिअर म्हणतात, पण स्टेशनावर सगळे इन्स्पेक्टरच म्हणायचे. पत्रास कारण की, मुंबई–दिल्ली मार्गावर आपण १६० किलोमीटरच्या वेगाची तयारी करत आहात, त्यासाठी गाडी आपोआप थांबवणारी ‘कवच’ यंत्रणा बसवत आहात, आणि त्याविषयी जे बोललं जातंय त्यात या दोन कुलपांचा उल्लेख मला कुठे सापडला नाही.

आधीच सांगतो, मी कवचच्या विरोधात नाही. उलट हे पंचवीस वर्षांपूर्वी यायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांतला मी आहे. ताशी १६० म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. पावसाळ्यात पालघरच्या पुढे आभाळ खाली उतरलं की काचेवरच्या वायपरमधून सिग्नलचा रंग ओळखायला लोको पायलटला किती सेकंद मिळतात, याचा हिशेब ज्याने केबिनमध्ये उभं राहून केलाय त्याला कवच कशाला हवं हे विचारायची गरज पडत नाही. त्या वेगाची गाडी ब्रेक लावल्यावर किलोमीटरभरात थांबत नाही. सिग्नल दिसला आणि मग ब्रेक लावला, हा हिशेब तिथे चालत नाही. पुढचा सिग्नल काय आहे हे केबिनमधल्या पडद्यावर आधीच यावं लागतं. जपानने १९६४ साली शिंकानसेन सुरू केली तेव्हापासून हे केलं. फ्रान्सने १९८१ साली पॅरिस–लियाँची वेगवान लाइन उघडली तेव्हा रुळाकडेला सिग्नलचे खांबच उभे केले नाहीत; ड्रायव्हरला वेगाचे आकडे थेट समोर दिसायचे.

आपल्या कवचची रचनाही मला आवडते. स्लीपरवर बसवलेले छोटे टॅग गाडीला सांगतात की तू नेमकी कुठल्या रुळावर आहेस. स्टेशनातलं यंत्र इंटरलॉकिंगला विचारून सिग्नलची स्थिती रेडिओवरून इंजिनाकडे पाठवतं. इंजिनातलं यंत्र ती पडद्यावर दाखवतं, फाटक आलं की शिट्टी वाजवतं, आणि पायलटने ऐकलं नाही तर स्वतः ब्रेक लावतं. ४ मार्च २०२२ रोजी सिकंदराबादजवळ गुल्लगुडा–चिटगिड्डा दरम्यान मंत्रिमहोदय स्वतः इंजिनात उभे राहिले आणि इंजिन पुढच्या इंजिनापासून ३८० मीटर अलीकडे आपोआप थांबलं. ती चित्रफीत मी तीनदा पाहिली. टाळ्या मीही वाजवल्या, घरात एकटा असताना.

आणि इथे एका कोकणी माणसाची जरा जुनी तक्रार. ‘कवच’ हे नाव ऐकलं की आमच्या पिढीला कोकण रेल्वे आठवते. १९९९ च्या ऑगस्टमध्ये बंगालमधल्या गैसलला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, २८० हून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतर कोकण रेल्वेत बी. राजाराम यांनी गाड्यांची टक्कर टाळणारं यंत्र उभं केलं. त्याचं नाव होतं ‘रक्षा कवच’. ते उपग्रहावरून गाडीची जागा ओळखायचं. ईशान्य सीमांत रेल्वेवर ते लावून पाहिलं. शेजारी-शेजारी चार-पाच मीटरवर धावणारे दोन रूळ उपग्रहाला वेगळे ओळखता येत नाहीत, ही त्याची मोठी अडचण ठरली, आणि ते मागे पडलं. आजच्या कवचने नेमकी तीच गोष्ट स्लीपरवरच्या टॅगने सोडवली. नावातलं ‘रक्षा’ गळालं, अडचण सुटली. राजाराम यांचा उल्लेख एखाद्या पुस्तिकेत झाला असता तर बिघडलं नसतं, एवढंच.

आता मुद्द्यावर येतो. कवच सिग्नलची स्थिती कोणाला विचारतं? इंटरलॉकिंगला. म्हणजे त्या दोन कुलपांच्या आतल्या खोलीला. खोलीने हिरवा म्हटलं की कवचही हिरवाच मानतं. लोको पायलटने लाल सिग्नल ओलांडला तर कवच त्याला अडवेल. पण खोलीच खोटं बोलली तर?

२ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारला हेच झालं. कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा मिळाला होता. पॅनेलवर सांधा मेन लाइनीकडे लागलेला दिसत होता. प्रत्यक्षात सांधा लूप लाइनीकडे लागलेला होता, आणि लूप लाइनीवर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. कोरोमंडल ताशी १२८ च्या वेगाने तिच्यावर गेली. तिचे डबे शेजारच्या लाइनीवरून जाणाऱ्या बेंगळुरू–हावडा एक्स्प्रेसच्या शेवटच्या डब्यांवर आदळले. २९० हून जास्त माणसं मेली. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच प्रश्न: कवच असतं तर? त्या मार्गावर कवच नव्हतं हे खरं. पण असतं तरी स्टेशनाने त्याला हिरवाच कळवला असता. गाडी चुकीच्या लाइनीत शिरल्यावर पुढचा टॅग वाचून ते जागं झालं असतं, तोवर वेळ उरली नसती. हे आमच्या खात्यातल्या प्रत्येक मेंटेनरला त्याच रात्री कळलं होतं. टीव्हीवर मात्र कोणी म्हणालं नाही, कारण पडद्यावर कवचचं चित्र दाखवता येतं, चुकीच्या जागी जोडलेल्या तारेचं नाही.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी काय शोधलं? उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत आधी कधीतरी तारांचे जोड बदलले गेले होते. ९४ नंबरच्या फाटकाचा विजेवर चालणारा अडसर बदलताना पुन्हा जोडकाम झालं. लोकेशन बॉक्समध्ये तारांवर लिहिलेली नावं वर्षानुवर्षं चुकीची होती, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मे २०२२ मध्ये खरगपूर विभागातच बांकडा नयाबाजला चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हाच चुकीच्या जोडणीवर उपाय झाले असते तर बहानगा टळलं असतं, असं अहवालात आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकातल्या होसदुर्ग रोडला पॅनेलवर मार्ग बरोबर दिसत असताना प्रत्यक्षात सांधा चुकीचा होता. लोको पायलटने डोळ्यांनी पाहिलं आणि गाडी थांबवली. दक्षिण पश्चिम रेल्वेच्या मुख्य परिचालन अधिकाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी पत्र लिहून धोक्याची जाणीव करून दिली होती. चार महिन्यांनी बहानगा.

तो अहवाल आम्हाला वर्तमानपत्रांतून, फुटून आलेल्या तुकड्यांत वाचायला मिळाला. सीबीआयचा तपास चालू आहे म्हणून तो जाहीर करता येत नाही, असं आपण तेव्हा सांगितलंत. तीन सिग्नल कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्यांची चूक असेल तर शिक्षा व्हावी. पण इतक्या मोठ्या देशात आजही किती लोकेशन बॉक्समध्ये तारांवर चुकीची नावं आहेत, हा प्रश्न त्या तिघांना अटक करून सुटत नाही.

मी हे कुठल्या तोंडाने लिहितोय, असं कोणी विचारलं तर सांगतो. नियम बाजूला ठेवून काम मी पण केलेलं आहे.

स्टेशनाचं नाव, विभाग, साल काही सांगत नाही. जुलैची रात्र होती. एका सांध्याचं डिटेक्शन जात होतं. म्हणजे सांधा सरकायचा, नीट बसायचा, पण बसल्याची खबर पॅनेलवर पोचायची नाही. दिवा लुकलुकत राहायचा. पॉइंट मशीनचं झाकण उघडलं तर आत पाणी शिरलेलं, कॉन्टॅक्टवर हिरवट थर चढलेला. नियम सरळ आहे. मास्तरला टी/३५१ फॉर्मवर डिस्कनेक्शन मेमो द्यायचा. मास्तरने सही केली की तो सांधा वापरातून बाद. गाड्या क्लँप लावून, पॅडलॉक करून, हळू काढायच्या. काम संपलं की चाचणी. सांध्याचं पातं आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये पाच मिलिमीटरची लोखंडी पट्टी धरायची आणि सांधा फिरवायचा. पट्टी मध्ये असताना सांधा लॉक झाला तर मशीन नापास. लॉक झाला नाही तर पास, मग रिकनेक्शन, सही, वेळ. ही पट्टी प्रत्येक मेंटेनरच्या पिशवीत असते. माझ्या पिशवीत होती.

पण मेमो दिला की गाड्या थांबतात. गाड्या थांबल्या की कंट्रोलचा फोन येतो. मग किती मिनिटं गेली आणि ती कुठल्या खात्याच्या नावावर टाकायची याचं भांडण, आणि सकाळी वरून फोन. तीन आठवड्यांत आमच्या सेक्शनची मिनिटं आधीच खूप झाली होती. मास्तर म्हणाले, “साहेब, दोन गाड्यांच्या मध्ये अकरा मिनिटं आहेत. बघा.” मी बघितलं. मेमो दिला नाही. कॉन्टॅक्ट पुसले, पाणी काढलं, नीट जुळवलं, दिवा स्थिर झाला. पट्टी हातात घेतली आणि पलीकडून इंजिनाचा हॉर्न आला. होम सिग्नल आधीच दिलेला होता. आमचा जुना मेंटेनर मला दंडाला धरून मागे घेऊन गेला. एक्स्प्रेस माझ्यासमोरून त्या सांध्यावरून धडधडत गेली आणि मी ती पट्टी हातात धरून उभा होतो.

काही झालं नाही. म्हणूनच पुढच्या वेळीही मी मेमो दिला नाही.

हे वाचून आपल्या कार्यालयातून कोणी माझ्या पेन्शनची फाइल मागवणार असेल तर खुशाल मागवावी. पण त्याआधी एक करावं: देशात कुठल्याही दहा सेक्शनच्या सिग्नल इन्स्पेक्टरांना एका खोलीत बसवून, नावं न लिहिता, हाच प्रश्न विचारावा. मेमो न देता शेवटचं काम कधी केलंस? बहानगानंतर आपण दुहेरी कुलपांची तपासणी करायचे आदेश काढलेत, रिले रूम आणि गुमट्या उघडून पाहिल्या गेल्या. बरं झालं. पण कुलूप शाबूत असतं आणि मेमो नसतो, अशी रात्र तपासणीत सापडत नाही. चावी दोन माणसांकडे असली आणि दोघांवर घड्याळ एकच असलं, तर दोन कुलपांचं एक कुलूप होतं.

म्हणून माझी मागणी पैशाची नाही. पैसा आपण देत आहातच. रुळाकडेच्या आणि स्टेशनातल्या यंत्रणेला किलोमीटरमागे सुमारे ५० लाख आणि इंजिनामागे सुमारे ८० लाख, असे आकडे आपणच दिले आहेत. मी वेळ मागतोय. आमच्या भाषेत ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ.

पॅरिस–लियाँचं पुन्हा सांगतो, कारण ते काम माझ्या मते नीट झालं. ती फ्रान्सची सर्वांत गर्दीची वेगवान लाइन. चाळीस वर्षांहून जुनी सिग्नल यंत्रणा काढून तिथे युरोपभर चालणारी नवी रेडिओची यंत्रणा, इआरटीएमएस, बसवायची होती. तासाला एका दिशेने १३ गाड्या जायच्या, त्या टप्प्याटप्प्याने १६ करायच्या आहेत. काम कित्येक वर्षं रात्री चाललं. शेवटी जुन्यावरून नव्यावर जायची वेळ आली तेव्हा त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सलग चार दिवस ती लाइन बंद ठेवली. सुट्टीला जोडून, आधी जाहीर करून. लोकांनी कुरकुर केली असेल, दुसऱ्या रस्त्याने गेले असतील. पण त्या चार दिवसांत माणसांना तारा तपासायला, गाड्या रिकाम्या चालवून पाहायला आणि झोपायला वेळ मिळाला. झोप हा शब्द मुद्दाम लिहिला.

आपल्याकडे ब्लॉक मागितला की काय होतं हे मी सांगायला नको. मागितला तीन तास, मिळाला दीड, त्यातला अर्धा तास मागची गाडी उशिरा आली म्हणून गेला. उरलेल्या तासात नवी केबल जोडायची, जुनी तोडायची, चाचणी करायची आणि वेळेवर लाइन परत द्यायची. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल, मेल, मालगाड्या सगळ्या त्याच दोन रुळांवर. तिसरी-चौथी लाइन होतेय, समर्पित मालवाहतूक मार्गही येतोय, म्हणजे हवा थोडी येईल. ती हवा पुन्हा नव्या गाड्यांनी भरू नका, एवढंच म्हणतो.

या मार्गावर २२ जानेवारी २०२४ च्या रात्री काय झालं ते पश्चिम रेल्वेचा माणूस विसरणार नाही. वसई रोड आणि नायगावच्या मध्ये सिग्नलचा बिघाड काढायला गेलेले आपल्याच खात्याचे तिघे लोकलखाली गेले. रात्री नऊच्या सुमारास, धावत्या मार्गावर. पेपरात चौकट आली, नुकसानभरपाई जाहीर झाली. त्या तिघांना त्या रात्री तो बिघाड काढण्याची जेवढी घाई होती तेवढीच मला माझ्या सांध्याची होती. मी मागे ओढला गेलो, त्यांना ओढणारं कोणी नव्हतं. कवच गाडीला गाडीपासून वाचवतं. रुळावर वाकून काम करणाऱ्या माणसाला गाडी येतेय हे सांगणारं साधन त्याच्या हातात, मनगटावर, कुठेतरी प्रत्येक सेक्शनमध्ये दिसायला हवं. गँगमनसाठी काही ठिकाणी ‘रक्षक’ नावाचं उपकरण आलंय. ते सिग्नलवाल्याला आणि त्याच्या मदतनीस खलाशालाही द्या, आणि बॅटरी बदलायला ऑफिसात तीन खेटे घालावे लागणार नाहीत असं बघा.

कुंपणाबद्दल एक. ऑक्टोबर २०२२ मध्ये वंदे भारतचं नाक म्हशींनी फोडलं आणि मुंबई–अहमदाबाद मार्गावर ६२२ किलोमीटरचं लोखंडी कुंपण चटकन उभं राहिलं. चांगलं झालं. पण म्हैस फोटोत येते, तार येत नाही, हे आपल्या खात्याच्या कामाचं दुर्दैव.

नवं बसलं की नवे बिघाडही येतात, हे १७ जून २०२४ ने दाखवलं. न्यू जलपाईगुडीजवळ स्वयंचलित सिग्नल सकाळपासून बंद होते. गाड्यांना लाल सिग्नल ओलांडण्याचा परवाना कागदावर दिला गेला. कुठल्या वेगाने जायचं हे त्या कागदावरून स्पष्ट होत नव्हतं. त्या सकाळी त्याच कागदावर गाड्या वेगवेगळ्या वेगाने गेल्या. मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसच्या मागच्या डब्यांवर चढली. त्याच दिवशी सांगण्यात आलं की चूक मालगाडीच्या लोको पायलटची. तो अपघातात मरण पावला होता, उत्तर द्यायला नव्हता. पुढे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात प्रशिक्षणाचं, चुकीच्या परवान्याचं आणि वारंवार बंद पडणाऱ्या सिग्नलांचं निघालं. त्यांनी कवच लवकर बसवा असंही म्हटलं आणि ते बरोबरच आहे. माझा प्रश्न पुढचा. कवच बंद पडेल त्या दिवशीचा कागद तयार आहे का? सगळं यंत्र कधी ना कधी बंद पडतं. सिग्नलवाल्याला तरी यात शंका नसावी. पडदा काळा झाला, रेडिओ गेला, तर गाडी कुठल्या वेगाने, कोणाच्या परवानगीने जाईल हे लोको पायलटला, मास्तरला आणि कंट्रोलला एकाच अर्थाने कळतंय का? ते एकदा चालू गाडीत करून पाहा. मंत्रिमहोदयांनी इंजिनात उभं राहून कवच चालू असताना पाहिलं; एकदा बंद असताना उभं राहून पाहावं. हे खवचटपणे म्हणत नाही.

कोटा–मथुरा दरम्यान ३२४ किलोमीटरवर कवच ४.० सुरू झाल्याचं आपण ३० जुलै २०२५ ला सांगितलंत. बाकीचे तुकडेही त्याच मार्गाने येत आहेत. एखाद्या स्टेशनावर कवचचं यंत्र इंटरलॉकिंगला जोडण्याआधी त्या स्टेशनाची तार न् तार नकाशाशी ताडून घ्या. ताडणारा माणूस त्या विभागातला नसावा. आपल्याच हातची चूक आपल्याला दिसत नाही, आणि दिसली तरी साहेबाला सांगवत नाही. जुन्या स्टेशनांचे नकाशे कपाटात एक आणि भिंतीमागे दुसरे, अशी गत मी पाहिली आहे. ठेकेदाराने आणलेल्या चकचकीत नव्या पेटीत ती जुनी चूक तशीच्या तशी शिरेल आणि मग ती शोधायला दुप्पट वेळ लागेल, कारण नव्या पेटीवर कोणी संशय घेत नाही.

आणि मेमोची मिनिटं वेगळी मोजा. डिस्कनेक्शन देऊन, नियमाने, चाचणी करून केलेल्या दुरुस्तीत गेलेली मिनिटं सेक्शनच्या डोक्यावर टाकू नका. हा एक ओळीचा आदेश आहे. याला निविदा लागत नाही, आरडीएसओची मंजुरी लागत नाही. निघाला तर माझ्यासारखे किती इन्स्पेक्टर त्या रात्री पट्टी मध्ये धरून सांधा फिरवतील, याचा अंदाज मला आहे. तसंच दर महिन्याला सांगा: किती किलोमीटरवर कवच चालू आहे, किती इंजिनांत आहे, आणि कवच बंद करून किती गाड्या चालवल्या गेल्या. शेवटचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि तो सांगायला सगळ्यांत जीवावर येईल.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचं मला फारसं सांगायचं नाही. ५०८ किलोमीटर, सगळी लाइन नवी, ना फाटक, ना मालगाडी, ना जुनी केबल. सिग्नल यंत्रणाही पहिल्या दिवसापासून डिजिटल असणार. तिथे जो बिघाड होईल तो नव्या माणसाला नव्या पुस्तकात सापडेल. आमच्या जुन्या लाइनीवर मात्र चार पिढ्यांच्या तारा एकाच नळीतून गेल्या आहेत. १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, १९२८ च्या सुमारास मुंबईत पहिले स्वयंचलित रंगीत सिग्नल लागले, ऐंशीच्या दशकात लोकलला धोक्याची सूचना देणारी एडब्ल्यूएस यंत्रणा बसली. आता उपनगरी मार्गासाठी कवचची पुढची आवृत्ती येणार, दोन लोकलमधलं अंतर आणखी कमी होणार, असं ऐकतो. त्यावर दिवसरात्र माणसं राबणार आहेत. चांगली माणसं सगळी बुलेटच्या कामाला पाठवू नका आणि जुन्या सेक्शनला एका मेंटेनरकडे चार स्टेशनं देऊ नका. माझ्या शेवटच्या वर्षी एकाकडे तीन होती.

पत्र लांबलं. सिग्नलवाल्याला तोंडाने बोलायची सवय नसते, लिहायची असते. फेल्युअर रजिस्टरमध्ये आम्ही पानंच्या पानं लिहून काढतो. उत्तर पाठवायचं झालं तर सवडीने पाठवा, घाई नाही. पण ज्या सेक्शनमध्ये यंदा कवच जोडणार आहात तिथलं एक काम सवडीवर ठेवू नका. केबलचं मेगरिंग, म्हणजे तारेच्या आवरणातून वीज गळतेय का हे पाहणं, पावसाआधी व्हावं लागतं. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. मेगरिंगला ब्लॉक लागतो. तो एप्रिलमध्येच द्या.

आपला,
एक निवृत्त सिग्नल इन्स्पेक्टर